एसएसडी : स्वस्त घ्यावी, पण पारखून घ्यावी

संगणक ही एके काळी बँका, विद्यापीठे आणि मोठ्या कचेऱ्या यांच्यापुरती मर्यादित असलेली वस्तू होती. आज ती साध्या कामगाराच्या घरातही येऊन बसली आहे. मात्र घरात आलेला संगणक पाच-सात वर्षांत मंदावतो, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. कळ दाबावी आणि पडद्यावर गरगर फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहत बसावे. प्रकल्प-अहवाल सादर करण्याची मुदत उद्यावर आलेली असावी आणि नेमकी त्याच वेळी फाइल उघडू नये. मग घरात विषय निघतो, ‘हा आता जुना झाला, नवा घ्यायला हवा.’ पण ज्या घरात एका सत्राचे शुल्क भरतानाही आधी हिशेब मांडावा लागतो, त्या घरात नवा संगणक ही सहज पेलणारी गोष्ट नसते.

अशा संगणकांपैकी पुष्कळ संगणक मुळात निकामी झालेले नसतात. त्यांचा एकच भाग मागे पडलेला असतो आणि तो बदलता येतो. त्या जागी जो नवा भाग बसवायचा त्याला ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’, म्हणजेच बाजारातील नावाने ‘एसएसडी’ म्हणतात. ती कोणती घ्यावी, किती पैसे खर्च करावेत आणि कोठे फसगत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे सार आधीच सांगून टाकतो : जुन्या संगणकासाठी एसएसडी घेताना वेगासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, पैसे मोजायचेच तर ते भरवशासाठी मोजावेत.

संगणक मंदावतो म्हणजे नेमके काय होते?

संगणकात काम करणारे मुख्य घटक तीन. पहिला प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा मेंदू. दुसरी रॅम, म्हणजे चालू कामाची कागदपत्रे पसरून ठेवण्याचे टेबल. तिसरी साठवण, म्हणजे सर्व कागद कायमचे ठेवण्याचे कपाट. वीज गेली की टेबल रिकामे होते, कपाट मात्र जसेच्या तसे राहते. संगणक सुरू करताना कपाटातील हजारो लहान-लहान कागद काढून टेबलावर मांडावे लागतात. तेव्हा मेंदू कितीही तल्लख असला तरी कपाटातून कागद येईपर्यंत त्याला हात बांधून बसावे लागते.

जुन्या संगणकातील हे कपाट म्हणजे हार्ड डिस्क होय. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या अखंड फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी आत-बाहेर सरकत मजकूर वाचते. जत्रेतील चक्रीपाळणा डोळ्यांपुढे आणावा. पाळण्यात बसलेल्या मुलाच्या हातात शेंगदाण्याची पुडी द्यायची असेल तर तो फिरून आपल्यासमोर येईपर्यंत थांबावे लागते. एका मुलाला पुडी दिल्यावर दुसऱ्याला द्यायची तर पुन्हा थांबणे आले. हार्ड डिस्कचेही तसेच आहे.

थोडे गणित करून पाहू. लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे आणि एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर समोर येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. दांडी योग्य जागी सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद. एकूण पंधरा-सोळा मिलिसेकंद धरले, तर एका सेकंदात जेमतेम साठ-पासष्ट ठिकाणचे तुकडे वाचून होतात. आणि संगणक सुरू होताना तुकडे लागतात हजारो!

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तिच्यात सिलिकॉनच्या चिपा असतात आणि मजकूर सूक्ष्म कोठड्यांमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. कोणत्याही कोठडीपर्यंत पोहोचण्यास साधारण एक-दशांश मिलिसेकंद पुरतो. त्यामुळे स्वस्तातली एसएसडीदेखील एका सेकंदात असे हजारो तुकडे वाचते.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. एखादा मोठा चित्रपट सलग नकलायचा असेल तर हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दीडशे मेगाबाइट आणि साधी एसएसडी सुमारे पाचशे मेगाबाइट देते. हा फरक तीन ते पाच पटींचा. पण विखुरलेले लहान तुकडे वाचण्यात फरक शंभर पटींचा किंवा त्याहून अधिक असतो, आणि आपले रोजचे काम बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे असते. जाहिरातींतून मात्र पहिल्या प्रकारचे आकडे ठळक छापले जातात. हा भेद ज्याला कळला, त्याचे निम्मे पैसे वाचले असे समजावे.

पन्नास चकत्यांपासून एका चिपेपर्यंत

या यंत्रांचा इतिहास थोडक्यात पाहणे उद्बोधक ठरेल. पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक’ या यंत्राबरोबर आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. तिचे वजन एक टनाच्या घरात होते आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही तेवढीच जागा घेते.

एसएसडीचा पाया घातला तो जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी. त्यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नॅंड’ हा प्रकार सादर केला. आजच्या एसएसडी, पेनड्राइव्ह आणि मोबाइलमधील साठवण या सर्वांचे मूळ त्यात आहे. १९८८ साली अमेरिकेत सनडिस्क (पुढे सॅनडिस्क) ही कंपनी निघाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. या कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमसाठी फ्लॅशवर आधारलेली एसएसडी तयार केली. तिची क्षमता होती केवळ २० मेगाबाइट आणि किंमत सुमारे एक हजार डॉलर.

हेच मेहरोत्रा २०१७ साली मायक्रॉन या अमेरिकी कंपनीचे प्रमुख झाले. या कंपनीने जून २०२३ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळील साणंद येथे स्मृती-चिपांची जुळणी व चाचणी करणारा कारखाना उभारण्याचे जाहीर केले. केंद्र व राज्य सरकारचे साहाय्य धरून प्रकल्पाचा एकूण खर्च पावणेतीन अब्ज डॉलर सांगण्यात आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचे भूमिपूजन झाले. एके काळी हजार डॉलरला वीस मेगाबाइट मिळणारी ही वस्तू आज आपल्या शेजारच्या राज्यातील औद्योगिक वसाहतीचा विषय झाली आहे.

कोसाडमधील एक घर

गुजरातेचा विषय निघालाच आहे, तर तेथीलच एका घरातील उदाहरण घेऊन पुढील विवेचन करणे सोयीचे होईल. सुरत शहराच्या उत्तरेस, तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेले की कोसाड लागते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर याच नावाचे लहान स्थानक आहे. महापालिकेने बांधलेली ‘कोसाड आवास’ ही मोठी वसाहतही येथेच. सुरतेच्या कापड-व्यवसायाने खानदेशातील हजारो मराठी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे ओढून घेतले. उधना, लिंबायत, डिंडोली हे भाग तर मराठी वस्तीसाठी प्रसिद्धच आहेत. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. आपल्या सीमाभागातील वाचकांना दोन-तीन भाषांमध्ये नांदणारे ते वातावरण परके वाटणार नाही.

माझे एक आतेभाऊ कोसाडला राहतात. साड्यांवरील भरतकामाच्या यंत्रांसाठी संगणकावर नक्षी तयार करणे, ज्याला तेथे ‘पंचिंग’ म्हणतात, हा त्यांचा व्यवसाय. त्यांची मुलगी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. घरात संगणक एकच. दिवसा वडिलांचे काम आणि रात्री मुलीचा अभ्यास. संगणक २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार गिगाबाइट रॅम आणि पाचशे गिगाबाइटची हार्ड डिस्क असा. सकाळी कळ दाबून आत चहा टाकावा, तो उकळून कपात यावा, तरी नक्षीचा प्रोग्रॅम उघडलेला नसे. गिऱ्हाईक फोनवर तिष्ठत राही. एका दुकानदाराने ‘हा भंगारात द्या’ असा सल्लाही देऊन टाकला होता.

त्यांच्यापुढे तीन पर्याय आले. एक, बाजारात एका अनोळखी नावाची दोन टेराबाइटची एसएसडी आश्चर्य वाटावे इतक्या कमी किमतीत मिळत होती. दोन, नामांकित कंपनीची पाचशे गिगाबाइटच्या आसपासची साधी एसएसडी तेवढ्याच पैशांत येत होती. तीन, ‘सेकंदाला सात हजार मेगाबाइट’ असे छापलेली अतिवेगवान एसएसडी एका जोडपट्टीसह घेता येत होती. तिची किंमत अर्थातच अधिक. मुलीने सरळ प्रश्न टाकला, ‘काका, त्याच पैशात चौपट जागा मिळतेय, मग पाचशेचीच का घ्यायची?’

प्रश्न रास्त होता, आणि असाच प्रश्न आपल्या वसतिगृहातील कोणाही विद्यार्थ्याला पडू शकतो. त्याचे उत्तर पायरीपायरीने पाहू.

आधी रोगाचे निदान

औषध घेण्यापूर्वी रोग ओळखावा. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. संगणक अडखळत असताना तेथील ‘डिस्क’चा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ राहत असेल आणि प्रोसेसरचा आकडा मात्र खाली असेल, तर दोष साठवणीचा समजावा. उलट प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर असेल, तर एसएसडीने फारसा फरक पडणार नाही. रॅम सतत भरलेली दिसत असेल तर तिचाही विचार करावा लागेल. चार गिगाबाइट रॅम आजच्या ब्राउझरला अपुरी पडते. दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी एसएसडी आणि सवडीने रॅम, असा क्रम बहुतेकांना उपयोगी पडतो.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मुख्य पटलावरच डाख दिलेली असते आणि ती बदलता येत नाही. म्हणून आपल्या यंत्राचा नमुना-क्रमांक पाहून, कंपनीच्या माहितीपुस्तिकेत साठवणीचा कोणता प्रकार बसतो हे आधी तपासावे.

आकार आणि जोडणी

एसएसडी मुख्यतः दोन आकारांत मिळते. पहिला अडीच इंची डबीचा. तो लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसतो आणि ‘साटा’ नावाच्या जोडणीने चालतो. डेस्कटॉपमध्ये तो जुन्या डिस्कच्या तारांवरच लावता येतो. दुसरा आकार च्युइंगगमच्या पट्टीसारखा. त्याला ‘एम डॉट टू’ म्हणतात. येथे गोंधळ होण्याचा संभव आहे, कारण या पट्टीत पुन्हा दोन जाती आहेत : काही पट्ट्या साटा पद्धतीने चालतात, तर काही ‘एनव्हीएमई’ या वेगवान पद्धतीने. दिसायला दोन्ही सारख्याच. साटा पट्टीला बहुधा दोन खाचा आणि एनव्हीएमईला बहुधा एक खाच असते. संगणकातील जागा यांपैकी एकच जात स्वीकारणारी असू शकते. केवळ ‘बसते आहे’ म्हणून विकत घेतल्यास ती मुकाट्याने पडून राहील.

साटाच्या सध्याच्या पिढीची मर्यादा सेकंदाला सहा गिगाबिट, म्हणजे व्यवहारात सुमारे साडेपाचशे मेगाबाइट. एनव्हीएमई पट्ट्या तीन हजार, सात हजार आणि त्याहूनही पुढे जातात. पण वर सांगितल्याप्रमाणे संगणक सुरू होणे, ब्राउझर उघडणे, निबंध लिहिणे यांत निर्णायक ठरतो तो सलग वाचनाचा वेग नव्हे, तर विखुरलेले तुकडे गाठण्याचा वेळ. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो, तसा साटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात जाणवत नाही. शिवाय २०१४ सालच्या संगणकात जोडपट्टी लावून एनव्हीएमई बसवली, तरी बहुतेक मदरबोर्ड तिच्यावरून संगणक सुरूच करू शकत नाहीत.

कोसाडच्या घरातील तिसरा पर्याय येथेच बाद झाला. बैलगाडीच्या वाटेवर शर्यतीची मोटार आणून उपयोग नसतो. मात्र ज्यांच्या लॅपटॉपमध्ये मुळातच एनव्हीएमईची जागा आहे, त्यांनी साध्यातली एनव्हीएमई खुशाल घ्यावी. तिची किंमत साटाच्या बरोबरीची असते.

किती जागा हवी?

केवळ अभ्यास, टंकलेखन आणि ब्राउझर एवढाच उपयोग असेल तर २४० ते २५६ गिगाबाइट पुरतात. छायाचित्रे, चित्रफिती किंवा नक्षीच्या मोठ्या फाइली असतील तर ४८० ते ५१२ गिगाबाइट घ्यावेत. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. दहा ते वीस टक्के जागा नेहमी मोकळी राहील असा हिशेब धरावा.

एसएसडी लावल्यावर २४० ऐवजी २२३ आणि ४८० ऐवजी ४४७ असा आकडा दिसतो, तेव्हा आपण फसलो असे अनेकांना वाटते. ती फसवणूक नव्हे. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. तूट भासते ती मोजण्याच्या मापांतील फरकामुळे.

कोठड्यांचे आयुष्य

एसएसडीच्या एका कोठडीत तीन बिट साठवले तर तिला ‘टीएलसी’ आणि चार साठवले तर ‘क्यूएलसी’ म्हणतात. एका खोलीत जितके अधिक बिऱ्हाडकरू कोंबावेत तितके भाडे दरडोई स्वस्त, पण झीजही अधिक. क्यूएलसी स्वस्त पडते, परंतु मोठा मजकूर सलग लिहिताना सुरुवातीचा राखीव वेगवान भाग संपला की ती एकदम संथ होते आणि तिचे लेखन-आयुष्यही कमी असते. किमतीत फार अंतर नसेल तर टीएलसी पसंत करावी. मात्र अनेक स्वस्त नमुन्यांत एकाच नावाखाली आतील चिपा वेळोवेळी बदलतात. तेव्हा उत्पादकाने स्वतः लिहून दिले असेल तेवढ्यावरच विसंबावे.

आयुष्याचे माप ‘टीबीडब्ल्यू’ या आकड्याने देतात. एकूण किती टेराबाइट मजकूर लिहून होईपर्यंत हमी राहील, हे तो आकडा सांगतो. उदाहरणार्थ, किंग्स्टनच्या ए४०० या २४० गिगाबाइटच्या साध्या एसएसडीला ८० टेराबाइट हा आकडा दिलेला आहे. आपण रोज २० गिगाबाइट मजकूर लिहितो असे मानले, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे प्रमाण बरेच अधिक झाले, तर ८० हजार गिगाबाइट संपायला चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे लागतील. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या २५० गिगाबाइटच्या महाग एसएसडीला हाच आकडा १५० आहे. म्हणजे वीस वर्षे! पण आपला जुना संगणक तरी इतकी वर्षे कोठे चालणार? तेव्हा घरगुती वापरासाठी या आकड्यापायी फार पैसे मोजू नयेत. तो आकडा छापलेला आहे की नाही हे मात्र अवश्य पाहावे. जो उत्पादक टीबीडब्ल्यू सांगत नाही आणि हमीची मुदतही सांगत नाही, त्याच्या वस्तूकडे पाठ फिरवलेली बरी.

महाग एसएसडीमध्ये एक छोटी ‘डीरॅम’ चिप असते. ती कोणता मजकूर कोठे आहे याची सूची हाताशी ठेवते. दिवसभर जड काम करणाऱ्याला तिचा उपयोग होतो. हार्ड डिस्कवरून येणाऱ्या सामान्य माणसाला ती नसली तरी फारसे अडत नाही.

दोन टेराबाइटचे गौडबंगाल

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्याच किमतीत चौपट जागा कशी मिळते? उत्तर असे की, बहुधा ती मिळतच नाही. फ्लॅश चिपांचा भाव जगभर साधारण सारखा असतो. एखादा विक्रेता इतरांच्या निम्म्याहून कमी भावाने देऊ करत असेल तर कोठेतरी पाणी मुरते आहे हे समजून घ्यावे. अशा बनावट एसएसडीत आत लहानशी चिप असते, पण तिच्या नियंत्रकाला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणकाने विचारले की ती ‘दोन टेराबाइट’ असे उत्तर देते. आपण मजकूर भरत जातो, तोही बिनतक्रार भरला जातो. परंतु खरी जागा संपल्यावर नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरून जातो. सहा महिन्यांनी फाइल उघडायला जावे तेव्हा आत कचरा सापडतो. घेतल्या दिवशी काहीच कळत नाही, हा यातील खरा धोका. पंचिंग करणाऱ्याच्या वर्षभराच्या नक्ष्या किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध अशा वस्तूवर ठेवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे.

याची परीक्षा करता येते. एसएसडी संपूर्ण भरून मजकूर परत वाचून पाहणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. विंडोजसाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्ससाठी ‘एफ३’ हे प्रसिद्ध आहेत. आपला मजकूर चढवण्यापूर्वी, परत करण्याच्या मुदतीतच ही परीक्षा उरकावी. जुनी वापरलेली एसएसडी घेत असाल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या प्रोग्रॅमने ती किती तास चालली, तिच्यावर एकूण किती लिहिले गेले आणि तिचे आरोग्य किती टक्के उरले हे दिसते.

भावाविषयी येथे आकडे दिलेले नाहीत, याचे कारण ते स्थिर राहत नाहीत. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी वाढली आणि रॅम व फ्लॅश या दोहोंचे भाव चढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. आकड्यांपेक्षा रीत लक्षात ठेवावी : किमतीला गिगाबाइटने भागावे, तीन ठिकाणचे भागाकार शेजारी-शेजारी मांडावेत, आणि नामांकित कंपन्यांच्या वस्तूंपैकी किमान तीन वर्षांची हमी असलेली, पक्की पावती मिळणारी सर्वांत स्वस्त वस्तू घ्यावी. कोसाडच्या घराने दुसरा पर्याय निवडला तो याच रीतीने.

बसवताना घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम, काहीही उघडण्यापूर्वी आपल्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. नंतर दोन मार्ग असतात. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर नकलायची, किंवा सर्व प्रणाली कोऱ्या पाटीवर नव्याने घालायची. पहिला मार्ग सोपा, पण जुना कचराही बरोबर येतो. दुसऱ्या मार्गाला अर्धा दिवस लागतो, परंतु संगणक स्वच्छ होतो. वेळ असेल तर दुसराच पत्करावा. डेस्कटॉपच्या काही मदरबोर्डांवर साटाची वेगवान आणि संथ अशी दोन प्रकारची सॉकेटे असतात. एसएसडी वेगवान सॉकेटातच लावावी. हार्ड डिस्कसाठी वापरले जाणारे ‘डीफ्रॅगमेंटेशन’ एसएसडीला करू नये. त्याने लाभ नाही, झीज मात्र होते. विंडोज एसएसडी ओळखून तिच्यासाठी ‘ट्रिम’ ही वेगळी निगा आपोआप राखते.

प्रणाली कोणती घालावी, हाही प्रश्न आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय लागते, जी २०१४ च्या संगणकात नसते. अशा यंत्रांवर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली उत्तम चालते. तिच्यात मराठी व कन्नड या दोन्ही लिपी इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिता येतात. दोन्ही लिपींचा ‘क’ एकाच कळीवर असल्याने एक लिपी शिकलेल्याला दुसरी जड जात नाही. मात्र एखाद्या व्यवसायाचा प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालत असेल, तर लिनक्सचा विचार करताना तो आधी तपासावा. कोसाडला पंचिंगचा प्रोग्रॅम तसाच असल्याने विंडोज ठेवणे भाग पडले. त्यांनी दोन प्रणाली शेजारी-शेजारी घातल्या : नक्षीसाठी विंडोज आणि ब्राउझर, टपाल व बँकेच्या व्यवहारांसाठी लिनक्स. आता चहा उकळण्यापूर्वीच नक्षी पडद्यावर असते.

शेवटी एक इशारा

एसएसडी वेगवान आहे म्हणून ती अमर आहे असे नव्हे. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुर करते, खडखड वाजते. एसएसडी मात्र कसलीही सूचना न देता एका क्षणी मूक होऊ शकते आणि मग तिच्यातील मजकूर परत मिळवणे अतिशय कठीण व खर्चाचे असते. अचानक वीज जाणे हेही तिला मानवत नाही. म्हणून डेस्कटॉपला छोटा यूपीएस असणे चांगले. एसएसडी कपाटात टाकून वर्षानुवर्षे मजकूर जपता येईल, असेही मानू नये. कोठड्यांतील विद्युतभार विजेविना हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठी ठरलेले मानक इतकेच सांगते, की तिचे लेखन-आयुष्य संपल्यावरही ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष मजकूर टिकला पाहिजे. त्याहून अधिक अपेक्षा ठेवणे धोक्याचे.

मग उपाय काय? तो आपल्या हातातच असतो. एसएसडी बसवल्यावर जी जुनी हार्ड डिस्क मोकळी होते, ती धडधाकट असेल तर फेकून देऊ नये. अल्प किमतीत मिळणाऱ्या यूएसबी डबीत ती बसवावी आणि दर आठवड्याला ठरलेल्या वारी महत्त्वाच्या फाइलींची प्रत तिच्यावर घ्यावी. प्रत घेऊन झाली की डबी संगणकापासून सोडवून ठेवावी. रोजच्या धावपळीला जी संथ ठरली, तीच राखणीला उत्तम ठरते.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या हंगामात संगणक अडला की नव्याची घाई करू नका. आधी निदान करा, मग माप घ्या, मग भागाकार करा. आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांतूनही हार्ड डिस्कवर कुंथणारे संगणक असतील. त्यांची यादी करून त्यांतील किती संगणक एका एसएसडीने उभे राहतील, याचा हिशेब एखाद्या वर्गाने प्रकल्प म्हणून मांडला, तर ते काम अभ्यासाचेही होईल आणि संस्थेच्या उपयोगाचेही.